आरमध्ये कॉलममधून नेम्ड व्हेक्टर काढताना या चुका टाळा

आर या प्रोग्रामिंग भाषेत जिल्ह्याचं नाव दिलं की लोकसंख्या देणारा नेम्ड व्हेक्टर (प्रत्येक किमतीला नाव असलेली यादी) हाताशी असला, की पुढचं काम फार सोपं होतं. आरच्या डीप्लायर पॅकेजच्या १.०.० आवृत्तीपासून तो एका ओळीत निघतो: पुल(तक्ता, लोकसंख्या, नेम = जिल्हा). खऱ्या चुका त्यानंतर होतात, आणि त्यातल्या बऱ्याच एरर न देता.

सगळ्यात घातक म्हणजे डुप्लिकेट नावं. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद दोन आहेत: महाराष्ट्रातलं ३७ लाखांचं, बिहारमधलं २५ लाखांचं. आर दोन्ही नावं बिनतक्रार ठेवून घेतं आणि विचारल्यावर आधीचाच आकडा देतं. राज्य कोडाच्या क्रमात बिहार १०, महाराष्ट्र २७. म्हणजे मराठवाड्याच्या बेरजेत बिहारचा आकडा जाऊन बसतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही! व्हेक्टर करण्याआधी जिल्ह्याच्या कॉलमवर एनीडुप्लिकेटेड चालवाच. उत्तर शून्य नसेल तर नावाऐवजी जिल्हा कोड वापरा.

कोड मात्र कॅरेक्टर (म्हणजे मजकूर) करूनच द्या. ५१५ हा आकडा दिला तर आर ५१५ नावाची नव्हे, ५१५ व्या जागेवरची किंमत उचलतं. क्रमवार लावलेल्या सगळ्या ६४० जिल्ह्यांच्या यादीत उत्तर योगायोगाने बरोबर येतं, त्यामुळे चाचणीत काहीच सापडत नाही. महाराष्ट्राचे ३५ जिल्हे गाळून घेतले की तोच प्रोग्राम एनए (म्हणजे किंमत उपलब्ध नाही) देऊ लागतो. फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांची नावं ठेवणारा कॉलम, त्याचंही तसंच: दिसायला नाव, पण इंडेक्स म्हणून वापरला जातो त्याचा आतला क्रमांक. इथे तर एनएसुद्धा येत नाही, थेट भलताच आकडा येतो. ॲज.कॅरेक्टर लावा.

व्हेक्टरला नावं देणाऱ्या सेटनेम्सने "लांबी जुळत नाही" असा एरर दिला, तर तुम्ही एकेरी चौकटी कंसाने कॉलम काढला आहे. तो व्हेक्टर नसून एका कॉलमचं टेबलच आहे. दुहेरी कंस किंवा डॉलर वापरा.

टेबलचा नेम्ड व्हेक्टर करणारं डीफ्रेम कॉलमची नावं पाहत नाही, पहिला कॉलम नावांचा आणि दुसरा किमतींचा धरतं. त्याआधी सिलेक्टने कॉलमचा क्रम लावून घ्या.

आणि २०२३ नंतरच्या फाइलमध्ये छत्रपती संभाजीनगर असेल, तर जुन्या व्हेक्टरमध्ये ते सापडणार नाही. एकेरी कंस गुपचूप एनए देईल, आणि बेरजेत एनए वगळायला सांगितलं असेल तर अख्खा जिल्हा गळेल. एकच किंमत हवी असेल तिथे दुहेरी कंस लिहा: नाव नसलं तर प्रोग्राम तिथेच थांबतो.