गाडी चालवताना फोन: चलन कशाचं होतं, आणि आलंच तर काय करायचं

मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकवताना माझं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं आणि अर्धं शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांवर. फोन थरथरला की आधी नजर खाली जाते, मग पाय ॲक्सिलरेटरवर सैल पडतो, गाडी हळूच पट्ट्याकडे सरकायला लागते आणि हात निघतो तो सगळ्यात शेवटी. हा क्रम इतक्यांच्या बाबतीत पाहिलाय की फोन वाजला की माझा पाय आपसूक माझ्या बाजूच्या ब्रेकवर जातो. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद लागले, तर 80 मीटरहून जास्त रस्ता कोणी न बघताच कापला. चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे चलनातून निसटायच्या युक्त्या माझ्याकडे मिळणार नाहीत. ते येऊ नये म्हणून काय करायचं आणि चुकीचं आलं तर कसं लढायचं, हे मात्र नीट सांगते.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो: लोकांना वाटतं कायदा फोनवर बोलण्यापुरताच आहे. ‘मी बोलत नव्हतो, फक्त मॅप बघत होतो’ असं पोलिसाला सांगितलं की आपण सुटलो, ही समजूत. बऱ्याच ठिकाणी हे वाक्य म्हणजे कबुली असते. ब्रिटनमध्ये 2019 साली एक चालक खरंच असा सुटला होता. तो फोनवर अपघाताचं चित्रीकरण करत होता, आणि तेव्हाच्या कायद्यात फक्त संवादासाठी केलेला वापर येतो, असं न्यायालयाने म्हटलं. तिथल्या सरकारने मग कायदाच बदलला. 25 मार्च 2022 पासून फोन हातात धरून फोटो काढणं, गाणं बदलणं, नुसती स्क्रीन उघडून वेळ बघणं, सगळं गुन्ह्यात आलं. दंड 200 पौंड आणि लायसन्सवर सहा गुण, म्हणजे चुकीसाठी चढणारे दंडाचे गुण. लायसन्स मिळून दोन वर्षं झालेली नसतील, तर सहा गुणांत लायसन्सच जातं. कॅलिफोर्नियातही हातातल्या फोनवर नकाशा बघणारा 2014 मध्ये सुटला, मग कायदा कडक झाला, आणि 2025 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की फोन हातात धरून नकाशा बघणं हाही गुन्हाच.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातातल्या फोनचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातला. कलमानुसार पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000 रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टात न जाता जागेवर भरायची तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य ठरवतं. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांत रस्ता दाखवण्यासाठी फोनला मुभा आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने.

लाल सिग्नलबद्दलही सांगते, कारण सगळ्यात जास्त हात तिथे खिशात जातात. ब्रिटनचा कायदा सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये थांबलेल्या गाडीलाही लागू आहे, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होत असलं तरी. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानेही 2011 मध्ये हेच म्हटलं. तेव्हा थांबलेली गाडी म्हणजे उभी केलेली गाडी नव्हे, हे डोक्यात पक्कं करा. आणि आजूबाजूला पोलीस नाही म्हणजे कोणी बघत नाही, असंही आता राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 2019 पासून फोन पकडणारे कॅमेरे लावले. ते वरून, काचेतून, मांडीपर्यंतचा फोटो घेतात, रात्रीसुद्धा. संगणक संशयित फोटो बाजूला काढतो आणि मग माणूस तो तपासतो.

आता तयारी. गाडी सुरू करायच्या आधीची दोन मिनिटं खरी महत्त्वाची. होल्डर डॅशबोर्डवर किंवा एसीच्या जाळीवर असा लावा की नजर रस्त्यावरून फार खाली उतरणार नाही. काचेच्या मधोमध नको, आणि एअरबॅगच्या झाकणावर तर मुळीच नको. एअरबॅग उघडली तर होल्डर आणि फोन दोन्ही तोंडावर येतील. चार्जरची वायर आधीच जोडा. रस्ता टाका, आवाज मोठा करा, आणि पहिलं वळण कुठे आहे ते बघूनच गिअर टाका. आयफोनमध्ये 2017 पासून गाडी चालवताना नोटिफिकेशन बंद ठेवून मेसेज पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर देण्याची सोय आहे. अँड्रॉइडमध्येही ड्रायव्हिंग मोड मिळतो. तो गाडीच्या ब्लूटूथला जोडून टाका, म्हणजे रोज आठवण ठेवावी लागत नाही. फोन आलाच नाही तर नजर खाली जायचं कारणच उरत नाही. माझ्या अनुभवात या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

फोन मांडीवर, सीटवर किंवा कप होल्डरमध्ये ठेवू नका. ब्रेक लागला की तो घसरतो आणि माणूस त्याच्यामागे वाकतो. दुचाकीवर हेल्मेट आणि गालाच्या मध्ये फोन कोंबणं तर सोडूनच द्या: हेल्मेट नीट बसत नाही, आणि फोन निसटला की हँडल सोडून हात वर जातो. वाटेत रस्ता बदलायचा असेल तर पार्किंगमध्ये किंवा पेट्रोल पंपावर थांबा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, मग फोन उचला. महामार्गाची कड ही थांबायची जागा नाही. हँड्सफ्री बऱ्याच ठिकाणी कायद्याला चालतं, लक्षाला मात्र नाही. समोर बघत असूनही समोरचं न दिसणं हे हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांतही होतं, हे युटा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलंय. लांबलचक बोलणं असेल तर पोहोचल्यावर बोला.

पोलिसाने थांबवलं तर इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी थांबा आणि हात स्टिअरिंगवर दिसू द्या. फोन घाईघाईने लपवू नका. कागदपत्रं मागतील ती द्या, शांतपणे बोला, वाद रस्त्यावर घालू नका. पैसे पुढे करून मिटवायचा प्रयत्न अजिबात नको, तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

फोन खरंच हातात होता? मग दंड भरा. नव्हता, याची खात्री असेल तर कामाला लागा, तेही त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी तपशील धूसर होतात. लिहून काढा: कोणत्या लेनमध्ये होतात, पोलीस कोणत्या बाजूला आणि किती लांब उभा होता, सिग्नल कोणता होता, हातात दुसरं काही होतं का. चष्म्याचं घर, पाकीट, टोलची पावती लांबून फोनसारखी दिसते. होल्डरचा फोटो चालकाच्या सीटवरून काढा. कॉल आणि मेसेजच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या; पण एवढ्यावर विसंबू नका, कारण कॉल झाला नाही याने फोन हातात नव्हता हे सिद्ध होत नाही. डॅशकॅम असेल तर चित्रण लगेच उतरवून ठेवा, कार्डावर नवीन चित्रण जुन्यावर चढतं.

मग चलन अक्षर न् अक्षर वाचा. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, जागा, कलम, शेवटची मुदत. कॅमेऱ्याचा फोटो असेल तर नंबरपुरतं बघू नका. गाडीचा रंग, मॉडेल, बंपरवरचा ओरखडा जुळतोय का ते पाहा. तुमच्या नंबरची खोटी पाटी दुसरीकडे फिरत असू शकते, आणि तसं असेल तर पोलिसांत तक्रार आधी. बहुतेक ठिकाणी दंड भरला की गुन्हा मान्य केला असं धरतात, त्यामुळे हरकत घ्यायची असेल तर भरण्याआधी, मुदतीत आणि लेखी घ्या. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर खरं नाव द्या. दंडाचे गुण टाळायला दुसऱ्याचं नाव पुढे करणाऱ्यांना ब्रिटनमध्ये तुरुंगवास झालाय.

मेसेजमधल्या लिंकवरून दंड भरू नका. ई-चलनाच्या नावाने एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार भारतात सर्रास चालतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि गाडीच्या नंबरवरून चलन शोधा. तिथे नसेल तर आधी वाहतूक शाखेत विचारा. भरल्यावर पावती उतरवून ठेवा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बघा, नोंद ‘प्रलंबित’ दाखवत असेल तर तीच पावती जोडून तक्रार करा. गाडी विकेपर्यंत ती जपून ठेवा.