ई. कोलायचं जनुक चालू झालं की नाही, हे पिवळ्या रंगावरून कसं मोजावं

सांगलीत एप्रिलच्या दुपारी हा प्रयोग लावू नका. सकाळी सातला लावा. कारण पुढे येईलच. जिवाणूच्या एखाद्या जनुकाचं ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवण्याचं काम, चालू आहे की बंद हे कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत आकड्यात दाखवायचं असेल, तर मी अजूनही हाच प्रयोग लावते.

मागची गोष्ट थोडक्यात. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवायला ई. कोलाय या जिवाणूला बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइम लागतं आणि ते लॅक-झेड या जनुकातून बनतं. लॅक्टोज नसताना रिप्रेसर नावाचं प्रथिन जनुकाच्या तोंडाशी बसून राहतं, आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला, पुढे जाऊ देत नाही. लॅक्टोज पेशीत आलं की त्यातलं थोडं अ‍ॅलोलॅक्टोज होतं, ते रिप्रेसरला चिकटतं आणि रिप्रेसर डीएनएवरून सुटतो. याकोब आणि मोनो यांनी हे १९६१ मध्ये मांडलं; १९६५ मध्ये ल्वॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. आपण लॅक्टोजऐवजी आयपीटीजी हे त्याच्यासारखंच रसायन वापरायचं. तेही रिप्रेसरला सोडवतं, पण पेशी ते खाऊन टाकत नाही, त्यामुळे त्याचं प्रमाण शेवटपर्यंत तेवढंच राहतं.

स्ट्रेन (जिवाणूचा वाण) के-१२ या प्रयोगशाळेतल्या ई. कोलायचा साधा, मूळ गुणाचा घ्या, एमजी-१६५५ उत्तम. फ्रीजमध्ये आहे म्हणून डीएच-५-अल्फा घेऊ नका. क्लोनिंगसाठी बनवलेल्या त्या स्ट्रेनमध्ये लॅक-झेडचा तुकडाच कापलेला असतो. आयपीटीजी कितीही घाला, नळी पिवळी होणार नाही, आणि पोरं बिचारी बफरला दोष देत बसतात.

माध्यमात ग्लुकोज नको. ग्लुकोज असलं की ई. कोलाय लॅक्टोजच्या जनुकांकडे फारसं लक्ष देत नाही. ३७ अंशाला हलवत वाढवा, दोन फ्लास्क करा, एकात १ मिलीमोलर आयपीटीजी, तासाभराने दोन्ही बर्फात. कल्चरचं, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रवाचं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं ६०० नॅनोमीटरचं रीडिंग (पेशी किती आहेत ते यावरून कळतं) साधारण ०.३ ते ०.७ च्या मध्ये असावं. ते लगेच लिहून ठेवा.

पेशी झेड बफरमध्ये (या चाचणीच्या ठरलेल्या क्षारद्रावणात) घ्या, एकूण १ मिली. दोन थेंब क्लोरोफॉर्म, एक थेंब ०.१ टक्के एसडीएस (एक डिटर्जंट), दहा सेकंद व्होर्टेक्स मशीनवर घुसळा. पेशीच्या पटलाला भोकं पडली की ओएनपीजी हे लॅक्टोजसारखं बिनरंगी रसायन आत जातं. हे एन्झाइम ओएनपीजी तोडतं आणि पिवळा नायट्रोफिनॉल सुटतो. ओएनपीजी ताजं करा. बाटलीतच पिवळसर दिसलं तर ओतून द्या.

आता खरी अडचण, ती वेळेची. मला सुरुवातीला एका कार्यशाळेत छापील कागद मिळाला होता, त्यावर लिहिलं होतं: ‘सर्व नळ्यांत ०.५ मिली कल्चर घ्या व ३० मिनिटांनी अभिक्रिया थांबवा.’ दोन वर्षं मी तसंच केलं. आयपीटीजीची नळी कायम गडद पिवळी, बिनआयपीटीजीची कायम पांढुरकी, आणि फरक एक दिवस चाळीसपट, दुसऱ्या दिवशी नव्वदपट. खरं तर तो हजारपटीच्या आसपास असतो.

हिशेब मांडला तेव्हा चूक दिसली. पूर्ण चालू झालेलं जनुक साधारण १००० मिलर युनिट (एन्झाइमच्या कामाचं माप, सूत्र शेवटी आहे) देतं. एवढ्या एन्झाइमचं अर्धा मिली कल्चर घेतलं, तर तीन मिनिटांत वाचण्याजोगा रंग येतो आणि अर्ध्या तासात ओएनपीजीच संपतं. उरलेला वेळ घड्याळ चालतं, रंग चालत नाही. उलट बंद जनुकाच्या नळीत अर्ध्या तासात रंगाला सुरुवातही झालेली नसते.

म्हणून चालू नळीत फक्त ०.१ मिली कल्चर घ्या, बंद नळीत ०.५ ते ०.८ मिली. प्रत्येक नळीला स्वतःची वेळ द्या. ओएनपीजी टाकल्याची वेळ नळीवरच लिहा. फिकट लिंबासारखा पिवळा आला की तिथेच थांबवा; चालू नळीला साधारण पंधरा मिनिटं, बंद नळीला तीन-चार तास लागले तरी लागू द्या. सगळ्या नळ्या एकदम थांबवायच्या हे मला अजिबात मान्य नाही.

थांबवायला अर्धा मिली १ मोलर सोडियम कार्बोनेट. हळदीच्या बोटाला धुण्याचा सोडा लागला की ते लाल होतं, हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. इथेही अल्कलीमुळे पिवळा एकदम उठून दिसतो, आणि एन्झाइम मात्र बंद पडतं.

तापमानाचंही तेच. ही चाचणी लिहून ठेवणाऱ्या मिलर यांच्या १९७२ च्या पद्धतीत रंगाच्या अभिक्रियेला २८ अंश आहे. आपला वॉटरबाथ पाणी फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीत ३८ अंश असताना डायल २८ वर फिरवून काय उपयोग? मी थर्माकोलच्या खोक्यात नळाचं पाणी, बर्फाचे खडे आणि थर्मामीटर ठेवते, आणि सकाळी सातला सुरू करते.

रीडिंगआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं स्वच्छ पाणी घ्या. तळाचा क्लोरोफॉर्म उचलला गेला तर प्लास्टिकचं क्युवेट (रीडिंगची छोटी नळी) धुरकट होतं. मग: १००० गुणिले ४२० नॅनोमीटरचं (पिवळ्या रंगाचं) रीडिंग, भागिले मिनिटं, कल्चरचे मिली आणि ६०० चं रीडिंग या तिघांचा गुणाकार.

हा रंग मोजतो एन्झाइम, आरएनए नव्हे. म्हणून तिसरा फ्लास्क हवाच: आयपीटीजीच्या पाच मिनिटं आधी रिफॅम्पिसिन. टीबीचं हे औषध जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला धरतं, नवं ट्रान्सक्रिप्शन सुरू होऊ देत नाही. आयपीटीजी असूनही ही नळी बंद नळीइतकीच राहायला हवी. पण रिफॅम्पिसिन स्वतः केशरी असतं. त्याचा ब्लँक, म्हणजे रीडिंगमधून वजा करायची नळी, वेगळा लावा: तेवढंच औषध घातलेलं माध्यम, तेवढ्याच मिलीचं, पेशींशिवाय.