ड्यू डेट चुकली तर आधी हे बघा

तारीख गेली की घाबरून जाऊ नका, आधी बिल कसलं आहे ते बघा, कारण प्रत्येकाची मुदत वेगळी.

क्रेडिट कार्डाला आरबीआयच्या नियमाने ३ दिवस मिळतात, म्हणजे ड्यू डेट ५ असेल तर ८ तारखेपर्यंत पैसे जमा झाले पाहिजेत, मग लेट फी नाही. पण ८ उलटली की उशिराचे दिवस मोजतात ते ५ पासूनच. आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरून मोकळं होऊ नका हो, लेट फी वाचते पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं आणि नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

विम्याला हप्ता महिन्याचा असेल तर १५ दिवस, नाहीतर ३०. जीवन विमा त्या काळात चालू असतो. मेडिक्लेम वर्षाचा एकदम भरत असाल तर मात्र मधल्या दिवसांत विम्याचं संरक्षण नसतं, त्यांच्या भरवशावर अजिबात राहू नका.

ईएमआयला असली सवलत धरूच नका, आदल्या दिवशीच खात्यात पैसे ठेवा.

सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर व्याज सरळव्याजाने, तेही उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, ठरलेल्या दरापर्यंतच. आमच्या परळच्या बिलात मागच्या व्याजावर पुन्हा व्याज लावलेलं, मी तीन महिन्यांची बिलं शेजारी ठेवून पेन्सिलीने आकडे मांडले आणि उपविधी दाखवून सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला, पुढच्या बिलात ४१२ रुपये वजा होऊन आले. अर्जाच्या कॉपीवर सही-शिक्का मात्र घ्याच.