निरोध, सुया, वंगणाचं जेल वाटायला निघालात? या चुका टाळा

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळाचा, महिला संघाचा, नव्या संस्थेचा फोन येतो. प्रश्न ठरलेला: "ताई, किती पेट्या मागवू?" मी उलट विचारते, वाटणार कोण, कुठे, किती वाजता, आणि वापरलेली सुई परत आली की ती ठेवणार कुठे? पलीकडचा माणूस गप्प होतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसपासून वाचवणारं सामान लोकांच्या हाती देण्याचं हे काम मोलाचं आहे, आणि रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत ते करणारे हात कमी आहेत. म्हणूनच त्याच त्या चुका पाहिल्या की जीव तुटतो. पेट्या मिळतात हो. पेटीतून माणसाच्या हातात आणि हातातून परत डब्यात, ही वाट कुणी आखलेली नसते.

माझी सगळ्यात जुनी तक्रार साठवणीची. आपल्याकडे जागा नसली की वस्तू माळ्यावर जाते. गणपतीचं मखर, जुनी भांडी, आणि तिथेच निरोधच्या पेट्या. देवगडच्या बाजूला काम सुरू केलं तेव्हा आम्हीही हेच केलं. मार्चमध्ये आलेल्या पेट्या पत्र्याखालच्या माळ्यावर चढल्या. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, आम्ही उत्साहात वाटप केलं, आणि पंधरा दिवसांत एक तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, दारात येऊन उभा. म्हणाला, "ताई, तुमचो माल फाटता." मी त्याच्यासमोर दहा पाकिटं फोडली. रबर बोटाला चिकटत होतं, आणि एक तर नुसतं उलगडताना अंगठ्याखाली फाटलं. तो काही बोलला नाही, चप्पल घालून निघून गेला. त्याच्या बोटीवरच्या सात जणांनी पुढे वर्षभर आमच्याकडून काहीही घेतलं नाही. फुकट मिळतं ते असंच असतं, ही त्यांची समजूत आम्हीच पक्की करून दिली होती.

तेव्हापासून माझी सवय अशी. पेट्या तळमजल्यावर, फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जमिनीला टेकलेला खोका जुलैत खालून भिजतोच. पेटीवर बाहेरूनच जाड पेनाने मुदतीची तारीख लिहायची, जुनी पेटी आधी संपवायची. महिन्यातून एकदा सगळ्यात खालच्या पेटीतलं पाकीट काढून दोन बोटांत दाबायचं. आत हवेची उशी सरकताना जाणवली पाहिजे. नसेल, तर त्या पेटीतली आणखी पाकिटं तपासल्याशिवाय एकही बाहेर जात नाही.

याच्याच पाठीला पाठ लावून येते ती खोबरेल तेलाची चूक. निरोध द्यायचे आणि जेल द्यायचं नाही. मग माणूस घरात जे असेल ते वापरतो, आणि कोकणातल्या घरात खोबरेल असतंच. तेल लागलं की लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं. व्हॅसलिनचंही तेच. पाण्यावर आधारलेलं जेल त्याच पुडीत द्या, आणि "तेल नको" हे तोंडाने सांगा. छापील पत्रकात लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. खलाशांत नेपाळचे आहेत, कर्नाटकातले आहेत, तुमचं मराठी पत्रक त्यांनी कसं वाचावं?

सकाळी दहा ते पाच कार्यालय उघडं ठेवून "कुणी येतच नाही" म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते: मिरकरवाड्याला किंवा हर्णैला बोटी लागतात त्या वेळी जाऊन उभे राहा.

आता सुया. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथली चूक माणसाच्या अंगात शिरते.

इंजेक्शनने नशा करणारे आपल्या गावांत नजरेस पडत नाहीत, म्हणून ते नाहीतच असं धरलं जातं. मग एखादा उत्साही कार्यकर्ता दोन मुलांना भेटतो आणि औषधाच्या दुकानातून सिरिंजचा खोका आणून वाटायला लागतो. पुढचा विचार शून्य. आमच्याकडे हा उत्साह माझ्याच एका सहकाऱ्याचा होता. परत आलेल्या सुया पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत जमत गेल्या. बाटली भरली. न्यायला कुणी येणार नव्हतं, कारण तसं आम्ही कुणाशी ठरवलंच नव्हतं. एका सकाळी ती ओल्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत गेली.

दुपारी सफाईकाम करणाऱ्या एक बाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या. अंगठ्याला पदराची चिंधी बांधलेली, हिरव्या बांगड्यांवर चिखल. म्हणाल्या, "माझी पोर दोन वर्षांची आहे, तिला मी जवळ घेऊ का नको?" मी आधी त्यांना सांगितलं, पोरीला जवळ घ्या, जवळ घेतल्याने काही होत नाही. अंगठा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतला, आणि तडक जिल्हा रुग्णालयात नेलं. सुई टोचल्यावर पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या, गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांच्या आत तर हव्यातच, आणि पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. त्यांना मळमळ व्हायची, तरी त्या कामावर जायच्या, खाडा परवडत नव्हता. तपासण्या शेवटपर्यंत निगेटिव्ह आल्या. तो निकाल येईपर्यंतचे महिने मी विसरलेले नाही.

म्हणून आता सुयांचा पहिला खोका उघडण्याआधी माझ्या हातात कागद लागतो: भरलेला डबा कोण नेणार, कोणत्या वारी, आणि जैव वैद्यकीय कचऱ्याच्या कोणत्या केंद्रात जाणार. या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार टोकदार वस्तूंसाठी पांढरा, न टोचणारा, न गळणारा डबा लागतो. बाटली, बरणी, खाऊचा डबा चालत नाही. पाऊण भरला की बंद. सुईवर टोपण परत बसवायचं नाही. कार्यकर्त्याने हातात घेऊन मोजायचं नाही. आणणाऱ्याने स्वतः डब्यात टाकायची, आपण नजरेने अंदाज घ्यायचा.

आणि "जुनी आण, मग नवी देतो" ही सक्ती करू नका. एक पोरगा रिकाम्या हाताने आला म्हणून आमच्या माणसाने त्याला परत पाठवलं. त्या रात्री त्याने मित्राची सुई घेतली, दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन सांगितलं. परत आणायला सांगत राहा, डबा त्याच्या वाटेवर ठेवा, पण नवी द्या. नुसती सुई देऊनही भागत नाही. पाणी, कापूस, चमचा वाटून घेतला तरी हिपॅटायटिस सी पसरतो. स्वच्छ पाणी, कापूस आणि स्पिरिटचे बोळे त्याच पुडीत हवेत.

परवानगीशिवाय "आपलं आपण" सुरू करणारे माझ्याशी वाद घालतात, कागदपत्रांत वेळ जातो म्हणून. जातोच. पण एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्याचं कलम २२ केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे केलेल्या अशा कामाला गुन्हा ठरू देत नाही. सुई बदलून देण्याचं जे उदाहरण कायद्यातच दिलंय, त्यात कार्यक्रम नोंदणीकृत आहे. तेव्हा आधी जिल्हा रुग्णालयातल्या एड्स नियंत्रण विभागात जा, राज्य एड्स नियंत्रण संस्थेची रीत विचारा. निरोध तर त्यांच्याकडूनच मिळू शकतात. मग पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन काम समजावून सांगा. कार्यकर्त्याच्या खिशात ओळखपत्र आणि पत्र असलं की रात्री बंदरावर अडवलं तरी तो घाबरत नाही.

वहीत नावं लिहू नका. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात, वही एकदा उघडी राहिली की ती माणसं पुन्हा येत नाहीत. कोड नंबर पुरतो.

फोटो तर मुळीच काढू नका, देणगीदाराने मागितले तरी.

१०९७ हा मोफत हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक पुडीवर हवा.

आणि हंगाम बघून पेट्या मागवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आंब्याच्या बागांवरचे राखणदार आणि बोटींवरचे खलाशी त्याआधीच घरची वाट धरतात. जूनमध्ये आलेला माल रिकाम्या बंदरात दमट हवा खात पडतो. मी मोठं वाटप मेच्या दुसऱ्या आठवड्यात करते, आणि तेव्हा पुडी मोठी बांधते: वाटेतले दिवस आणि गावचे दोन महिने धरून. गेल्या खेपेला एका नेपाळी खलाशाने ती पुडी उघडून पाहिली, हसला, आणि म्हणाला, "दीदी, एक और दो, भाई के लिए." मी दोन दिल्या.