सोलापुरातून संशोधन फेलोशिपचा अर्ज करताय? या चुका टाळा

पर्यावरण आणि आरोग्य या विषयात काम करायचं तर सोलापूरइतकी भरलेली जागा महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. यंत्रमागाच्या शेडमधली कापसाची धूळ आणि खडखडाट, पूर्व भागात घराघरांत वळल्या जाणाऱ्या विड्या, उजनीचं पाणी, फताटेवाडीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, डाळिंब-द्राक्षांवरच्या फवारण्या आणि पारा ४३-४४ अंशांवर नेणारा उन्हाळा, सगळं एकाच जिल्ह्यात. तरीही पीएचडी करणाऱ्या किंवा नुकतीच पूर्ण केलेल्या मुलामुलींचे अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतात. अनेक अर्जांत मला एकच गोष्ट दिसते. प्रश्न रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तो सिद्धच आहे असं अर्जदार धरून चालतो आणि तो मोजायचा कसा, हे लिहायचं राहून जातं.

‘सोलापुरात प्रदूषण आहे’ एवढ्यावर अर्ज उभा करणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत, सोलापूर आहे. अर्जदार ही ओळ लिहितो आणि पुढच्याच ओळीत दम्याच्या रुग्णांवर येतो. पण ती यादी शहराबद्दल सांगते, माणसाबद्दल नाही. दिवसाचे आठ-दहा तास घरात सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरणाऱ्या बाईच्या श्वासात काय जातं, हे चौकातल्या मोजणी केंद्रावरून कळत नाही. परीक्षकाला हवं असतं ते एवढंच : कोणाच्या शरीरात, कोणत्या वाटेने, काय, किती आणि किती काळ गेलं? विडी कामगारांवर काम करायचं असेल तर लघवीतलं कोटिनिन (शरीरात निकोटीन गेल्याची खूण) मोजता येतं. पण ती बाई मिश्री लावते का, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का, हे नोंदवलं नाही तर त्या आकड्याचा अर्थच लागणार नाही.

पाण्याचं उदाहरण तर फार बोलकं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, म्हणून सोलापुरात पोटाचे विकार, असा सरळ धागा अर्जात जोडलेला असतो. मध्ये जलशुद्धीकरण आहे, क्लोरीन आहे, कित्येक किलोमीटरची जलवाहिनी आहे आणि शेवटी आहे घरातलं पिंप. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असेल तर लोक ते साठवणारच. तेव्हा धरणाचा नमुना, शुद्धीकरणानंतरचा नमुना, नळाचा नमुना आणि साठवणीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिंपातला नमुना, असे चार टप्पे मांडा. दोष नेमका कुठे शिरतो हे शोधणारा अर्ज आणि उजनीच्या नावाने हळहळणारा अर्ज यांतला फरक परीक्षकाला लगेच कळतो. (साठवलेल्या त्याच पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. कीटकशास्त्राच्या बाजूने येणाऱ्यांसाठी तो वेगळा आणि चांगला विषय आहे.)

हवेची यंत्रं निवडताना आणखी एक गोष्ट बघा. स्वस्त सेन्सर आता सहज मिळतात आणि अर्जात ‘वीस घरांत सेन्सर लावू’ असं लिहिणं सोपं वाटतं. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे हे सेन्सर दमट हवेत आकडा फुगवतात आणि जाडसर धूळ नीट पकडत नाहीत. सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या गावात तर प्रश्नच मुळात जाडसर धुळीचा असतो. म्हणून काही दिवस फिल्टरवर धूळ गोळा करून, तिचं वजन करून, सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहण्याची तरतूद अर्जात हवीच. ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असं लिहिताना मर्यादा कोणाची तेही लिहा. पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, भारताचं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला आकडा ५ आहे. या दोन्हींत आठपट अंतर आहे.

फक्त कामावर असलेल्यांनाच मोजणं

यंत्रमाग कारखान्यात जाऊन हजर कामगारांची स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) करायची आणि शेजारच्या वस्तीतल्या लोकांशी तुलना करायची, हा आराखडा वारंवार येतो. ज्याची छाती भरून यायला लागली त्याने काम कधीच सोडलेलं असतं. तो आता रिक्षा चालवतो किंवा घरी बसून आहे. मागे उरतात ते तब्येतीने टिकलेले. मग निष्कर्ष निघतो की कामगारांची फुप्फुसं ठीक आहेत. काम सोडलेल्यांना गाठण्याची योजना लिहा. संघटनांकडून, जुन्या हजेरीपटांवरून, वस्तीत फिरून, जसं जमेल तसं, पण लिहा.

बायसिनोसिसची (कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची) ठरलेली प्रश्नावली सोमवारच्या छातीच्या जडपणाबद्दल विचारते, कारण ती रविवारी सुट्टी धरून बनली आहे. आठवड्याची सुट्टी वेगळ्या वारी असेल तर प्रश्नही ‘सुट्टीनंतरचा पहिला दिवस’ असाच विचारायला हवा. आणि प्रश्न कोणत्या भाषेत? पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू. फक्त मराठी प्रश्नावली जोडलेली असेल तर अर्जदाराने वस्ती पाहिलेलीच नाही असं वाटतं. संमतीपत्रही त्या भाषेत लागेल आणि भाषांतर परत मराठीत आणून तपासावं लागेल.

नैतिक समितीचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकणं

माणसांच्या रक्ताचे-लघवीचे नमुने किंवा आरोग्याची माहिती घेणार असाल तर नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचा. नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांबद्दलच्या २०१९ च्या नियमांनंतर आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते, म्हणून ज्या समितीकडे जाणार तिची नोंदणी आधी विचारा. तुमच्या विज्ञान महाविद्यालयात अशी समिती नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं.

शहरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पर्यावरणशास्त्राच्या मुलाने पल्मोनरी (छातीचे विकार) किंवा कम्युनिटी मेडिसिनच्या (सामाजिक आरोग्य) डॉक्टरला अर्ज लिहायच्या आधीच भेटावं, सही घेण्यापुरतं नव्हे. त्या भेटीतून आराखडा बदलतो, असा माझा अनुभव आहे. परदेशी पैसा किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते आणि तिला वेळ लागतो.

दोन गोष्टी समित्या हटकून विचारतात. तपासणीत कोणाला आजार निघाला तर त्याला कुठे पाठवणार? आणि मालक शेजारी उभा असताना कामगाराने दिलेली संमती खरी कशी मानायची? दोन्हींची उत्तरं अर्जातच असावीत. हे लोक आपला वेळ आणि रक्त देतात, त्यांच्याशी वागण्याची ही किमान रीत आहे.

चुकीच्या दारात अर्ज

इथे थोडक्यात सांगतो, कारण जाहिरात वाचली की बहुतेक गोष्टी सुटतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत. यूजीसीच्या जेआरएफला (पीएचडीसाठीच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपला) खुल्या गटात ३० वर्षांची मर्यादा असते. पीएचडीनंतरच्या इन्स्पायर फॅकल्टीला ३२ आणि राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला ३५ वर्षं धरली जातात. महिला आणि राखीव गटांना सवलत असते, तिचे नियम योजनेनुसार वेगळे. ताजी जाहिरात पाहूनच वय मोजा. संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं जुनं मंडळ एसईआरबी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं आहे, तरी मुलं अजून अर्जाचे जुनेच नमुने उतरवून भरतात. एका वेळी दोन फेलोशिपचे पैसे घेता येत नाहीत.

मार्गदर्शकासाठी फक्त पुण्या-मुंबईकडे पाहू नका. पर्यावरण-आरोग्यासाठी भोपाळला आयसीएमआरची स्वतंत्र संस्था आहे, व्यवसायजन्य आजारांसाठी अहमदाबादला, विषशास्त्रासाठी लखनौला सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची आयआयटीआर आणि पर्यावरण अभियांत्रिकीसाठी नागपूरला नीरी. काही योजनांत पीएचडीचीच संस्था किंवा मार्गदर्शक पुन्हा चालत नाही, ते तपासा.

अंदाजपत्रक पुण्याच्या अर्जावरून उतरवणं

घरभाडे भत्त्यासाठीच्या शहरांच्या सरकारी वर्गवारीत पुणे ‘एक्स’ वर्गात आणि सोलापूर ‘वाय’ वर्गात आहे, त्यामुळे उतरवलेला दर चुकतो आणि परीक्षकाच्या नजरेत येतो. याउलट खरे खर्च गळतात : नमुने थंड ठेवून पुण्याला किंवा हैदराबादला पोचवणं, दुभाष्याचं मानधन, कामगाराची बुडालेली मजुरी. तुकड्यावर काम करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस तुम्ही घेतलात तर तेवढ्या विड्या कमी होतात. ती भरपाई अंदाजपत्रकात लिहा आणि रक्कम नैतिक समितीला दाखवा.

नकार आला की फाइल बंद करणं

परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर ते वेगळे करा. ‘मोजमाप अस्पष्ट’ हा शेरा पथदर्शी आकड्यांनी, म्हणजे आधी केलेल्या छोट्या मोजणीच्या आकड्यांनी, सुटतो. ‘अर्जदाराकडे अनुभव नाही’ हा शेरा वैद्यकीय सहमार्गदर्शक आणि एखादं प्रशिक्षण यांनी सुटतो. ‘विषयात नवं काही नाही’ असा असेल तर मात्र प्रश्नच पुन्हा मांडावा लागतो, भाषा घासूनपुसून भागत नाही. पुन्हा अर्ज करता येतो का आणि किती वेळा, हे योजनेच्या नियमांत पाहा.

पथदर्शी आकड्यांना मोठा पैसा लागत नाही. महाविद्यालयातून सेन्सर आणि फिल्टरचा पंप उसना मिळाला आणि माणसांची माहिती न घेता दोन-तीन शेडमधली नुसती हवा आणि उष्णता मोजली, तरी पुढच्या अर्जाला पाया मिळतो. मालकाची लेखी परवानगी घ्या. उन्हाळ्याचे आकडे हवे असतील तर यंत्रं फेब्रुवारीतच लावा. एप्रिल उजाडला की त्या ऋतूची सुरुवात हातातून गेलेली असते, आणि तुलनेसाठी पुढचं वर्ष थांबावं लागतं.