लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना ग्राफिक्स चिप कशी पारखावी

लिनक्स वापरण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा असेल, तर रॅम आणि प्रोसेसर पाहण्याआधी ग्राफिक्स चिप कोणत्या कंपनीची आहे हे पाहावे, कारण इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया या स्पर्धक कंपन्यांनी मुक्त (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरबाबत वेगवेगळी धोरणे ठेवली आणि त्यांचे परिणाम वापरणाऱ्याला अजूनही जाणवतात. चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याकडून काम करून घेणारे सॉफ्टवेअर, लिनक्स कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) समाविष्ट आहे का, ही पहिली कसोटी. तो कर्नेलमध्ये असेल तर कर्नेलबरोबरच अद्ययावत होतो. बाहेरून बसवावा लागत असेल तर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी त्याची पुन्हा बांधणी व्हावी लागते, आणि ती फसली की पडदा काळाच राहू शकतो.

इंटेलचे ड्रायव्हर बऱ्याच वर्षांपासून कर्नेलमध्ये आहेत. एएमडीने 2006 मध्ये एटीआय ही ग्राफिक्स चिप बनवणारी कंपनी विकत घेतली, 2007 पासून चिपची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्यास सुरुवात केली, आणि 2015 मध्ये कर्नेलच्या 4.2 या आवृत्तीत एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर दाखल झाला. फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, मात्र दोघींचेही बंदिस्तच आहे. चिप अगदी नवी असेल, तर कर्नेलही तितकाच नवा असलेली वितरण-आवृत्ती (उबुंटूसारखी तयार लिनक्स प्रणाली) निवडावी.

एनव्हिडियाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात, आजवर संबंध आलेल्यांपैकी सर्वांत वाईट कंपनी, असे तिचे वर्णन केले होते. स्वयंसेवकांनी चिपच्या वर्तनाचा अभ्यास करून नूवो हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. पण 2014 च्या जीटीएक्स 900 मालिकेपासून कंपनीची स्वाक्षरी असलेल्या फर्मवेअरशिवाय चिपचा वेग वाढवता येईना, आणि इतके परिश्रम घेऊनही नूवो संथ राहिला. मे 2022 मध्ये कंपनीने कर्नेलशी संबंधित भाग खुला केला, तोही ट्युरिंग (जीटीएक्स 16 आणि आरटीएक्स 20 मालिका) आणि त्यानंतरच्या पिढ्यांपुरता. ओपनजीएल आणि व्हल्कन (चित्रे रेखाटण्याच्या प्रणाली) आणि कुडा (चिपवर गणिते करण्याची एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली) यांचा तिचा अधिकृत भाग अजून बंदिस्त आहे. म्हणून कुडाची खरोखर गरज असेल तरच एनव्हिडिया घ्यावी, आणि ती जीटीएक्स 16 किंवा आरटीएक्स मालिकेतीलच असावी, असे माझे ठाम मत आहे.

दुकानात शक्य असल्यास लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (संगणकावर न बसवता लिनक्स चालवणारा) लावून यंत्र सुरू करावे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, एल, एस, पी, सी, आय ही पाच लहान इंग्रजी अक्षरे सलग लिहून, एक जागा सोडून, उणे चिन्ह आणि के हे अक्षर टाइप करावे. यादीत ग्राफिक्सच्या नोंदीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव दिसते. तिथे नावच नसेल तर त्या कर्नेलने चिपचा ताबा घेतलेला नाही असे समजावे. त्याच यादीत वाय-फायची नोंदही पाहावी. मग पडद्याची प्रखरता बदलून, झाकण मिटून पुन्हा उघडून आणि बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा, कारण एनव्हिडिया असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट तिच्या चिपला जोडलेला असतो, आणि तिचा ड्रायव्हर नीट नसेल तर बाहेरचा मॉनिटर चालत नाही. ऑनलाइन खरेदीत एकाच मॉडेलच्या नावाखाली निरनिराळ्या चिप विकल्या जातात, त्यामुळे पूर्ण मॉडेल क्रमांक आणि परतीची मुदत आधीच तपासावी.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूट (विश्वासू स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास उबुंटूसारखी वितरणे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड देऊन ड्रायव्हरची स्वाक्षरी पडताळणाऱ्या किल्लीची नोंदणी करावी; ती पायरी चुकली, तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नेल तो स्वीकारत नाही.