सायकल शिकताना (आणि शिकवताना) या चुका टाळा

मे महिना लागला की आमच्या इथल्या मैदानावर दरवर्षी तेच चित्र दिसतं. नवीकोरी सायकल, तिच्यावर हँडल आवळून बसलेलं रडवेलं पोरगं, आणि मागे कॅरिअर धरून पळणारे बाबा, "पायडल मार, पायडल मार, बॅलन्स ठेव!" आता बॅलन्स ठेव म्हणजे नक्की करायचं काय, हे त्या पोराला कोणीही सांगितलेलं नसतं. आठ-नऊ वर्षं झाली मी रविवारी सकाळी सायकल शिकवते, लहान मुलं येतात पण जास्त करून पस्तिशी-चाळिशीच्या बायका येतात ज्यांची लहानपणी राहून गेली, आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच जीव तुटतो म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी पायडल आणि मग बॅलन्स. उलट हवं. सायकल सरळ ठेवतं ते हँडल. सायकल डावीकडे कलली की हँडल थोडंसं डावीकडेच वळवायचं, म्हणजे चाकं परत तुमच्या अंगाखाली येतात. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला वळायचं हे मनाला पटत नाही, नवीन माणूस हमखास उलटीकडे हँडल ओढतो आणि पडतो. चाकं फिरतात म्हणून सायकल उभी राहते असं आपण ऐकत आलो, पण २०११ मध्ये अमेरिकेतलं कॉर्नेल आणि नेदरलँड्समधलं डेल्फ्ट या विद्यापीठांच्या संशोधकांनी चाकांच्या फिरण्याचा तो परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली, तीही ढकलून सोडल्यावर न पडता धावली, कारण पडायला लागली की तिचं पुढचं चाक आपणहून त्याच बाजूला वळायचं. तर शिकायचं आहे ते एवढं. आणि पाय पायडलवर गोल फिरवण्यात डोकं अडकलेलं असताना ते शिकता येत नाही.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी पायडल काढूनच ठेवते. सीट इतकी खाली की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, आणि पायांनी जमिनीला रेटे देत पुढे जायचं. लोकांना यात कमीपणा वाटतो. "मॅडम, हे काय लहान मुलांसारखं?" अहो, १८१७ साली जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइसने जी पहिली दोनचाकी चालवली तिला पायडलच नव्हती, मोठी माणसं अशीच पायाने रेटत जायची, पायडल आली ती १८६०च्या दशकात. मैदानाच्या अगदी हलक्या उतारावर दोन्ही पाय उचलून दहा आकडे मोजेपर्यंत सलग जाता आलं की मगच मी पायडल लावते. कोणाला तासात जमतं, कोणाला चार रविवार लागतात. घाई करणारे अर्ध्या तासात "आता लावू ना?" विचारतात, त्यांना माझं उत्तर नाही असंच असतं.

पायडल काढताना एक जपा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आमच्या सोसायटीतल्या एका बाबांना हे माहीत नव्हतं, मी येईपर्यंत त्यांनी पान्याला पाईप लावून जोर काढला, पायडल अजून घट्ट बसत गेली आणि शेवटी क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटेच गेले. नवीन क्रँक टाकावी लागली आणि मुलगी दोन आठवडे सायकलकडे नुसती बघत बसली. सोपी खूण सांगते, बहुतेकदा १५ नंबरचा पाना लागतो, तो पायडलच्या नटावर उभा धरा, वरचं टोक मागच्या चाकाकडे फिरवलं की दोन्ही बाजूची पायडल सुटते आणि पुढच्या चाकाकडे फिरवलं की बसते. हाताने दोन-तीन आटे नीट बसवून मगच पाना लावायचा.

साईडची छोटी चाकं तर मला बघवतच नाहीत. माझा भाचा दीड वर्षं त्यावर फिरला, काय जोरात चालवायचा! पण त्या चाकांमुळे सायकल कलतच नाही, त्यामुळे वळताना पोरगं स्वतः बाहेरच्या बाजूला झुकायला शिकतं, जे खऱ्या सायकलवर नेमकं चुकीचं आहे. चाकं काढली त्या दिवशी पहिल्याच वळणावर तो बाहेर झुकला आणि सरळ कुंपणात गेला. मग दीड वर्षाची सवय मोडायलाच महिना गेला. तेवढ्यात शेजारची पाच वर्षांची चिमुरडी पायडल काढलेल्या सायकलवर शिकून मोकळी झाली होती.

दुसरी चूक शिकवणाऱ्याची, आणि ही मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी एक ताई आल्या, बेचाळीस वर्षांच्या, लेडीज सायकल घेऊन. मी एक हात हँडलला, एक हात सीटला लावून पळत होते. मी हँडल धरलं होतं म्हणजे सायकल मीच चालवत होते, त्यांच्या हाताला काही कळतच नव्हतं. त्या म्हणत होत्या "सोडू नका हं", मी म्हणत होते "नाही सोडत", आणि चांगलं चाललंय असं वाटून मी न सांगता सोडलं. दहा-बारा फुटांवर त्यांनी मागे वळून पाहिलं, मी दिसले नाही, त्या घाबरल्या आणि पडल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पण मनगटापेक्षा त्यांचं ते वाक्य मला लागलं, "तुम्ही धरते म्हणाला होतात ना." वर्षभर त्यांनी सायकलला हात लावला नाही. तेव्हापासून मी हँडलला हात लावत नाही. फारच भीती वाटत असेल तर शेजारून चालत खांद्याला किंवा पाठीला नुसता तळवा टेकवते, आणि काढायच्या आधी सांगते, काढतेय म्हणून. ज्यांना "न सांगता सोडलं की आपोआप येतं" यावर विश्वास आहे त्यांनी तो आपल्यापाशी ठेवावा.

आता बाकीच्या.

"वाढत्या अंगाची" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. पाय टेकत नसतील तर पोर शिकणार नाही, घाबरणार.

टायरवर पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, लिहिलेला असतो, तेवढी हवा भरा. कमी हवेत सायकल ओढल्यासारखी चालते आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

पुढच्या चाकाकडे बघू नका, पंधरा-वीस फूट पुढे बघा. आणि चुकवायचंय त्या झाडाकडे तर मुळीच नाही. एवढ्या मोठ्या मैदानात एकुलता एक गोलपोस्ट आहे, सगळे त्याच्याकडे बघतात आणि सगळे त्यालाच जाऊन धडकतात.

फार हळू जाऊ नका. चालण्याच्या वेगाला सायकल जास्त डुगडुगते, जरा वेग घेतला की शांत होते.

उजवा ब्रेक बहुतेक सायकलींना पुढचा असतो, पण आपल्या सायकलचा कुठला ते उभ्याने दाबून बघा. नुसता पुढचा करकचून दाबू नका. मी पहिल्याच दिवशी पायी सायकल ढकलत दोन्ही ब्रेक हलके दाबायला लावते.

ओढणी कमरेला बांधा. यावर चर्चा नाही.

पायडल लावल्यावर निघताना एक पायडल वर आणि किंचित पुढे, घड्याळात दोन वाजलेत तशी ठेवा, त्यावर पूर्ण वजन द्या. खाली असलेल्या पायडलवर पाय ठेवून सायकल निघत नाही, आणि नेमकं तिथेच लोक धापा टाकतात.

आणि सगळं करूनही सायकल सारखी एकाच बाजूला जात असेल तर आधी स्वतःला दोष देऊ नका. समोर उभं राहून पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल त्याला काटकोनात आहे का बघा. दुकानातून आलेल्या नव्या सायकलीतही ते तिरकं निघालेलं मी पाहिलंय. हँडलच्या मधला बोल्ट सैल करायचा, सरळ करायचं, परत घट्ट आवळायचा, पाच मिनिटांचं काम आहे.